रविवारची खळ

आई,

तू गेल्याला बावीस वर्षे झाली, आणि तुला वाचता तर कधीच येत नव्हते. म्हणजे हे पत्र पाठवायची अडचण दुहेरी आहे. तरी लिहिते. यंदा इंग्रज गेले, निपाणीच्या आमच्या मुलींच्या शाळेवर झेंडा लागला, आणि परवा वर्गात दोघी मैत्रिणींचे भांडण मिटवताना मी ठणकावून सांगितले, की चूक कबूल करायला मोठे मन लागते. सांगता सांगता माझीच जीभ अडखळली. तेव्हापासून तू डोळ्यांपुढून हलत नाहीस.

वडगावातले आपले घर आठवते, एकाच खोलीत माग आणि चूल. तू आणि आप्पांनी बाप्तिस्मा घेतलात तेव्हा सगळी भावकी तुटली, आत्या तेवढी येत राहिली. आप्पांची थोरली बहीण ती. खासबागेतून चालत यायची, आपल्या घरचे पाणी पीत नसे, पण उंबऱ्यावर बसून तासभर बोलायची. "देव बदलला म्हणून भाऊ बदलतोय व्हय?" म्हणायची. आणि तू काय केलेस? नव्या विश्वासाच्या भरात एक दिवस देव्हाऱ्यातले चांदीचे टाक फडक्यात बांधलेस आणि मागच्या विहिरीत सोडलेस. कुणाला विचारले नाहीस. आत्याच्या आईने जन्मभर पुजलेले देव होते ते. आत्याला कळले आणि तिचे येणे बंद झाले. तीन वर्षे ती आपल्या गल्लीत फिरकली नाही.

आधी तू ताठच होतीस. "देवासाठी केलं मी," म्हणायचीस. पण मंडळीच्या उपासनेत प्रभुभोजनाच्या भाकरीचे ताट तुझ्यापर्यंत आले, की तुझा हात पुढे व्हायचा आणि तसाच मागे यायचा. भावाशी बिनसले असेल तर आधी ते मिटवून ये, मग अर्पण आण, हे पवित्र शास्त्रातले पान संध्याकाळी मीच तुला वाचून दाखवायची. तू म्हणायचीस, पुन्हा वाच. मला तर ते पान फाडून टाकावेसे वाटायचे. का, ते सांगतेच. एका रविवारी ताट यायच्या आतच तू उठलीस, माझे मनगट धरलेस आणि भर उपासनेतून बाहेर पडलीस. पाळकबाबा बघतच राहिले.

खासबागेत आत्याच्या दारापुढे रस्त्यावर मागाच्या उभ्या सुतांचा ताणा पसरला आहे. सुताला खळ लावायचे काम चालले आहे. एका बाजूने आत्या कुंचा फिरवते आहे, समोरची बाजू रिकामी, कारण सून माहेरी गेलेली. समोरून कुंचा फिरवायला माणूस नसला तर सुते एकमेकांना चिकटून बसतात, आणि ऊन तर चढत चाललेले. आत्याला तोंड फिरवून घरात जाता येत नाही. तू पदर खोचतेस, समोर उभी राहतेस आणि दुसरा कुंचा उचलतेस. रविवारी मागाला बोट न लावणारी तू! उपासनेचे पांढरे लुगडे, त्यावर खळीचे शिंतोडे. दोघी एकेक पाऊल सरकता आहात, तोंडासमोर तोंड.

"आक्का, ते देव माझे न्हवते. तुमच्या आईचे होते. न इचारता टाकले. चुकलं माझं."

आत्याने कुंचा पुढे सरकवला. पाच-सहा हात ताणा झाला.

"मला सांगितलं असतंस तर पदरात घिऊन गेले असते गं," ती म्हणाली. मग खांद्याला नाक पुसून, "हात चालीव. खळ वाळाय लागली."

"माफ केलंसा न्हवं?"

"आदी ताणा तरी पुरा कर."

ताणा पुरा झाला तेव्हा आत्याने तुझ्या हातांवर पाणी घातले आणि गूळ आणला. "खातीस का? का तुमच्यात आयतवारी गूळबी चालत न्हाय?" तू हसलीस, रडलीस, आणि माझ्या वाटणीचाही गूळ खाल्लास. पुढच्या बुधवारी ती आपल्या उंबऱ्यावर येऊन बसली आणि पहिल्यांदाच म्हणाली, "तांब्याभर पाणी आण गं." त्यानंतरच्या प्रभुभोजनाला तुझा हात मागे आला नाही. किती सुंदर दिसत होतीस तू त्या दिवशी!

पण खासबागेतून परतताना तू आणखी एक केलेस. आनंद पोटात मावत नव्हता, म्हणून तशीच शेजारणीच्या दारात गेलीस; विहिरीचे तिनेच सांगितले, असे तू तीन वर्षे धरून बसली होतीस. "तू आक्काच्या कानावर घातलंस, पर मी तुला माफ केलंय," म्हणालीस. तिचे हात पिठात. "मी काय केलंय गं बाई?" ती विचारत राहिली. पुढे तू होतीस तोवर दर नाताळाला तिला करंज्यांचे पहिले ताट जायचे, आणि बिचारी कोड्यात पडून खायची.

आई, तिने काही केले नव्हते. आत्याने मला मांडीवर घेऊन विचारले होते, "देव्हारा रिकामा का गं?" आणि मी तिला हाताला धरून नेऊन विहीर दाखवली. नऊ वर्षांची होते, माहीत असलेले सांगायची भारी हौस. आत्याने माझे नाव शेवटपर्यंत तुला सांगितले नाही, आणि मी तुझ्या मागे उभी राहून शेजारणीची माफी ऐकत राहिले.

शेजारीण अजून आहे, दात तेवढे गेलेत. यंदा नाताळाला मऊ करंज्या करून वडगावला जाणार आहे आणि आधी तिच्या पाया पडणार आहे. हा कागद शास्त्रात, त्याच पानात ठेवते. तुला तो कधी वाचता येणार नाही, हे ठाऊक आहे. खरे सांगू? त्याचे मला जरा बरे वाटते.