तांदळाच्या पिठाचा चेहरा

चेन्नई, शनिवार, १४ ऑगस्ट २००४

इथल्या मराठी मंडळाच्या नाटकासाठी मी एक काल्पनिक राज्य रचलं आणि त्यात खपलीरोग आणला. चेहरा तडकतो, गाव हाकलून देतं. रोग्याचं काम कुणालाच नको होतं; मंडळातल्याच तरुण वसुधाने मागून घेतलं. आज तालमीला तिने कोलमसाठी, म्हणजे इथल्या रांगोळीसाठी, कालवलेलं तांदळाचं पीठ तोंडाला फासलं. वाळून असं तडकलं की मीच दचकले. आणि ही पोरगी त्या पिठासकट एग्मोरहून अंबत्तूरच्या बसने घरी गेली!

आत्ता तिचा फोन आला. "काकू, शेजारी कुणी बसलं नाही. पण लोकांनी टाळायच्या आधी मीच मान खाली घातली होती."

काय म्हणावं हिला? रोग्यासाठी लिहिलेलं माझं दीड पानी भाषण खोडून टाकलं. ती नुसती मान खाली घालून उभी राहील. बघू, टाळ्या वाजवायची कुणाची हिंमत होते.