सोबत एक माणूस

अमळनेर,
मंगळवार, ता. १७ मार्च १९९२

सौ. लताअक्कांना लीलाधरचा नमस्कार.

पत्राच्या माथ्यावर श्री लिहिलेला नाही. तुमची बहीण मंदा काविळीने गेली त्याला तीनच महिने होताहेत. वर्ष होईपर्यंत असेच लिहावे म्हणतात. उद्या होळी. आमच्याकडे यंदा सण नाही. शेजारच्या बेबाबाई पोळी आणून देणार आहेत. माझी तब्येत ठीक आहे. ऊन वाढले आहे.

तुमचे पत्र पोचले. तुमच्या छायाचे पारोळ्याला जमले, वैशाखात लग्न, हे वाचून बरे वाटले. तिच्या पोटऱ्यांवर, गुडघ्यांमागे निळ्या-जांभळ्या शिरांचे जाळे आले आहे आणि "हळद तोंडाले लावा, पायाले कोनाचा हात लागू देनार नाही, नाहीतर लग्नच नको," म्हणून ती बसली आहे, असे लिहिता. मंदाने स्वतःच्या पायांसाठी कधी चौकशी केली होती का, असेही विचारता.

केली होती. मलम चोळून या शिरा जात नाहीत. घट्ट लांब मोज्यांनी पाय ठणकायचे कमी होतात, जाळे तसेच राहते. जळगावला स्टेशनाजवळ त्वचेचे डॉक्टर आहेत. आतली मोठी शीर बिघडलेली नाही ना, हे ते आधी उभे करून तपासतात. मग केसासारख्या बारीक सुईने शिरेत औषध सोडतात. शीर आतून मिटते आणि हळूहळू दिसेनाशी होते. महिन्याच्या अंतराने दोन-तीन खेपा लागतात. दर खेपेला पट्टी बांधून अर्धा तास चालायचे. तपकिरी डाग काही महिने राहू शकतात, नव्या शिराही येतात. मुंबईला लेसरचे यंत्र आहे, पण पायांना सुईच बरी, असे डॉक्टरांचे म्हणणे. गरोदरपणी काही करत नाहीत. वैशाखापर्यंत सगळे जाईल, असे मात्र छायाला सांगू नका.

एवढे मला कसे ठाऊक, असे तुम्हाला वाटेल. मंदाच्या बांगड्यांच्या डब्यात कॅलेंडरचे एक पान सापडले. मागच्या कोऱ्या बाजूवर तिच्या अक्षरात हे सगळे आहे. तारीख दोन वर्षांपूर्वीची. त्या दिवशी ती "बोदवडला अक्काकडे जाते," म्हणून गेली होती. तुमच्याकडे आली नसणार.

तिथून आल्यावर त्याच आठवड्यात तिने मला विचारले होते.

"शनिवारी जळगावला याल का?"

"कशाला?"

"पायांचं दाखवायचंय."

मी पेपर वाचत होतो. म्हणालो, "या वयात तुझे पाय कोण पाहतंय?"

ती हसली. "तेही खरंच," म्हणाली आणि कप उचलून आत गेली. पुन्हा विषय निघाला नाही.

कानबाई देवीच्या विसर्जनाला तिने फुगडी खेळणे सोडले, तेव्हा बेबाबाई म्हणायच्या, "मंदा आते मोठी व्हयनी, आपलामा खेळस नही." ती स्वतःला मोठी समजू लागली, असे मलाही वाटायचे. फुगडीत पातळ वर जाते, हे माझ्या डोक्यात आले नाही.

ती सवाष्ण गेली. शेवटची हळद लावायला बायकांनी तिचे पातळ गुडघ्यापर्यंत सारले. मी कुंकू लावायला आत गेलो होतो. बेबाबाई म्हणाल्या, "माय वं, इतल्या शिरा! कधी बोलनी नही बाई." मग सगळ्यांनी पाहिल्या. मीही. सव्वीस वर्षांत दिवसाउजेडी पहिल्यांदा.

सुई घ्यायची की नाही, ते छायाला ठरवू द्या. "कोण पाहतंय," असे मात्र तिला कोणी म्हणू नये. म्हणणारा आपल्यात एक झाला, तेवढा पुरे.

तुमचे गुडघे दुखतात, आणि छायाच्या वडिलांना यात घालायचे नाही म्हणता. तर २८ तारखेला, शनिवारी, तिला सकाळच्या गाडीत बसवून द्या. मी रजा टाकली आहे. जळगावला स्टेशनवर उभा राहीन. डॉक्टरांकडे मी बाहेर बाकावर बसेन, नंतर तिच्याबरोबर अर्धा तास चालेन. तिचे मन बदलले आणि ती आली नाही, तरी रागवू नका. मी संध्याकाळच्या गाडीपर्यंत थांबेन.

पानावर मंदाने शेवटची ओळ लिहून खाली रेघ मारली आहे : 'सोबत एक माणूस आणावा.'

दुसरे कोणी शोधू नका.

सोबत येणारा,
लीलाधर