पुन्हा पहिलं वर्ष

३ ऑगस्ट
आलो. तिसरा मजला, खोली एकोणीस, तीन खाटा. खिडकीजवळच्या दोन आधीच गेलेल्या. मला दाराजवळची — येणारा-जाणारा प्रत्येक जण माझ्या गुडघ्याला धडकूनच जाणार. गादीला मधोमध खड्डा. आधी कोण झोपत होता कोण जाणे, पण वजनदार असामी असावी.

ट्रंक भावोजींनी वर आणली. मला हात लावू देईनात. धाप लागली होती, तरी हसत म्हणाले, "या वेळी खाली उतरवायला मी येणार नाही हं." ताईनं पढवून पाठवलेलं वाक्य. दीड वर्षात कॉलेज सोडून घरी बसलेल्यानं ऐकूनच घ्यायचं असतं.

४ ऑगस्ट
अंघोळीला रांग. पाऊण तास. माझा नंबर आला आणि पाणी गेलं.

७ ऑगस्ट
खोलीतले दोघं सतरा-अठराचे. एक जण पहाटे पाचचे तीन गजर लावतो आणि तिन्ही बंद करून झोपतो. त्याचं नाव मी गजर ठेवलंय. दुसरा झाडू कुणी मारायचा यावरही अर्धा तास वाद घालू शकतो — तो वकील. वकिलानं कपाटाची वाटणी केली. माझ्याकडे खालचा कप्पा, जिथं दार अडकतं.

ट्रंक अजून रिकामी केलेली नाही. वरचे दोन शर्ट काढतो, घालतो, परत आत. सगळं बाहेर मांडलं की इथं राहावंच लागणार.

१० ऑगस्ट
जुन्या कॉलेजातल्या मैत्रिणीला कळवलं — पोचलो. उत्तर आलं, "बरं." एवढंच. बरं म्हणजे बरं झालं, की बरं बाबा, एकदाचा गेलास? दुपार त्यातच गेली.

१३ ऑगस्ट
आज तिच्याशी फोनवर बोललो. जुन्या कॉलेजात पोरं तिला अजून चिडवतात. तेव्हा तिला छेडणाऱ्या एका पोराच्या मी थोबाडीत दिली, प्राचार्य माफी माग म्हणाले, तर त्यांच्या टेबलावर ओळखपत्र आपटून निघून आलो. वाटलं, मोठा तीर मारला! मी सुटलो. ती तिथंच राहिली. ती वर्गात शिरली की मागच्या बाकांवरून माझ्या नावानं हाका मारतात. हे मला आज कळतंय, आठ महिन्यांनी.

तिच्या घरची पहिल्यापासून एकच अट — शिक्षण मधेच सोडलंस तर पुन्हा पाठवणार नाही. मोठ्या बहिणीचं तसंच झालं. म्हणून ही मान खाली घालून शेवटचं वर्ष रेटतेय.

मी म्हटलं, येतो, बघतोच एकेकाला. ती म्हणाली, "तू आलास की मला दोन दिवस बरं वाटतं, आणि पुढे वर्षभर निस्तरत बसावं लागतं."

फोन ठेवला आणि चप्पल घालून निघालोच. फाटकापर्यंत गेलो. परत फिरलो. हल्ली रागानंही दमायला होतं.

१८ ऑगस्ट
हजेरी घेताना सर माझ्यापाशी अडकले. "तुम्ही पहिल्या वर्षाला?" सगळ्या वर्गाला 'तू' आणि मला 'तुम्ही'! पोरं हसली. संध्याकाळपर्यंत अख्ख्या मजल्याचा 'काका' झालो. माझ्या बादलीवर रंगानं लिहूनसुद्धा ठेवलंय. अक्षर वकिलाचं.

हात शिवशिवले. त्याची कॉलर धरलीसुद्धा. तो भेदरून मागे सरकला — आणि पायात माझे मोजे! मला हसूच फुटलं. अक्षर तरी नीट काढायचंस, म्हटलं, आणि सोडून दिलं.

कॉलेज सोडता, आयुष्यात पहिल्यांदाच काही सोडून दिलं.

१९ ऑगस्ट
ट्रंक रिकामी केली. सगळं मांडलं. तळाशी ताईनं जुनी गोधडी कोंबली होती, ती घडी करून गादीच्या खड्ड्यात बसवली. गजर मदतीला आला. त्याला घरची आठवण येते. सांगत नाही, नुसता नाक ओढतो.

तिचा मेसेज होता — "आज पुन्हा तेच. नाही सहन होत आता." एरवी मी चार पानं आग ओकलो असतो. पण आज डोकं थंड होतं. कालची जरा ऐटही होती. मोजकंच लिहिलं — "किती दिवस सहन करशील? सोडून दे. मी पण सोडलं. खरंच हलकं वाटतं."

उत्तर नाही. विचार करत असेल. करू दे.

२२ ऑगस्ट
काल गाढ झोपलो. तिन्ही गजर ऐकू आले नाहीत. भावोजींना फोन करून सांगितलं, राहतोय. त्यांनी फोन ताईकडे दिला. ती रडली.

२४ ऑगस्ट
दुपारी तिचा मेसेज. "सोडलं. कॉलेजचा दाखला घेऊन आत्ताच बाहेर पडले. घरी अजून सांगितलं नाही. तू लिहिलंस म्हणून धीर झाला."

मी 'सोडून दे' लिहिलं होतं ते लोकांच्या बोलण्याबद्दल.