मुंगीने काय सोडलं

१७ फेब्रुवारी, मंगळवार
उद्यापासून प्रायश्चित्तकाळ. ईस्टरपर्यंत चाळीस दिवस. तिकडे गावी चर्चमध्ये मुलांना धर्माचं शिकवणाऱ्या सिस्टरने सगळ्या आईबापांना निरोप दिलाय, या दिवसांत मुलांना घरीही शिकवा म्हणून. बायको फोनवर म्हणाली, मी बघते. मी म्हटलं, बाप मेलाय का? रोज तिकडे संध्याकाळचे सात वाजले की व्हिडिओ कॉल, दहा मिनिटं, मी शिकवणार. बायको इतका वेळ हसली की मला वाटलं फोन अडकला. म्हणाली, तुम्ही धर्माच्या वर्गात किती दिवस बसलात ते माहितेय मला. बसलो तर होतो ना! कितीतरी लोक बसतही नाहीत.
पोरगी मुंगी आठ वर्षांची, पोरगा ढोल्या पाचचा. मला इथे परदेशात येऊन तीन वर्षं झाली. आता कळेल पोरांना बाप काय चीज आहे.
शिवाय उद्यापासून सिगरेट बंद. कायमची.

१८ फेब्रुवारी, बुधवार
पहाटे चर्चमध्ये कपाळावर राख घेतली आणि तसाच लाँड्रीत गेलो. आमच्याकडे हॉस्पिटलच्या चादरी येतात. धुतलेली ओली चादर मी गरम रोलरमध्ये सोडायची, पलीकडे दुसऱ्याने पकडायची. वाफेने घाम आला, घामाबरोबर राख आली. अकरा चादरींवर करडे थेंब. सुपरवायझर म्हणाला, कोळशाच्या खाणीतून आलास काय रे? त्याला समजावून सांगितलं, की तू माती आहेस आणि मातीला मिळशील, असा याचा अर्थ. तो म्हणाला, मातीला मिळ नंतर, आधी चादरी परत धू.
संध्याकाळी हाच अर्थ मुलांना सांगितला. ढोल्या रडायला लागला, मला माती नाही व्हायचं. मुंगीने समजूत घातली, आत्ता नाही रे वेड्या, मेल्यावर. मग तो जमिनीवर लोळून रडला. बायकोने फोन काढून घेतला.
एकंदरीत धडा मनाला भिडला.

२० फेब्रुवारी, शुक्रवार
एक सिगरेट ओढली. उद्या शनिवार असल्यामुळे.
आजचा धडा जोरदार. आपल्याला जे सगळ्यात जास्त आवडतं ते सोडायचं, आणि काय सोडलं ते कुणाला सांगायचं नाही. सांगितलं की सगळं वाया. मुंगीने विचारलं, आईला पण नाही? नाही. सिस्टरला? नाही. तुम्हाला? मलासुद्धा नाही, आणि मी विचारणार पण नाही, शब्द दिला. मग ती कॅलेंडर घेऊन आली. म्हणाली, पप्पा, हे चाळीस नाहीत, सेहेचाळीस दिवस होतात. म्हटलं, नीट मोज. तिने बोट ठेवून मोजले. सेहेचाळीस. म्हणाली, सिस्टर सांगतात रविवार धरायचे नसतात, रविवारी सूट असते. मी म्हटलं शाब्बास, परीक्षाच घेत होतो तुझी.
तिने विचारलं, तुम्ही काय सोडलंत? सांगायचं नसतं, म्हटलं. हा नियम ज्याने केला तो हुशार माणूस असणार.

२३ फेब्रुवारी, सोमवार
मुंगी तीन दिवस फोनवर आलेली नाही. बायको म्हणते, आतल्या खोलीत आहे, येत नाही म्हणते. अभ्यास असेल.

२५ फेब्रुवारी, बुधवार, जेवणाची सुट्टी
कळलं!! ड्रायरमधून उशांचे अभ्रे काढताना एकदम डोक्यात उजेड पडला. सगळ्यात आवडतं ते सोडायचं, असं मीच शिकवलं. पोरीने मला सोडलं! म्हणजे फोनवर येणं सोडलं. आठ वर्षांची पोर! डोळ्यांत पाणी आलं, अभ्र्यानेच पुसलं. तो परत धुवायला टाकला.
इस्त्रीवाल्या काकांना सांगितलं. ते इथे एकोणीस वर्षं आहेत. म्हणाले, माझ्या पोराने दोन वर्षांपूर्वीच सोडलंय मला. तेव्हा उपासतापास काही चालू नव्हते.
काका धर्माने आमचे नाहीत. त्यांना यातली खोली समजणार नाही.

१ मार्च, रविवार
रविवारी सूट. तिनेच सांगितलेलं. म्हणून आज दाढी केली, निळा शर्ट घातला, खोलीतल्या दोघांना कॉटवरचे कपडे उचलायला लावले. सातला फोन. ढोल्याने उचलला. ताई कुठे? खेळतेय. बोलव तिला. हाक मारून आला. येत नाही म्हणते.
म्हणजे ही रविवारचीसुद्धा सूट घेत नाही. चर्चपेक्षा कडक. माझ्यावर गेलीय.
एकट्या ढोल्याला रानातला मोह शिकवला. येशू चाळीस दिवस उपाशी, सैतान म्हणतो दगडांची भाकर कर. ढोल्याने फोन उताणा ठेवल्यामुळे हा सगळा धडा मी छताच्या पंख्याला दिला. शेवटी लांबून आवाज आला, त्यांच्याकडे बिस्किटं नव्हती का?

१२ मार्च, गुरुवार
सिगरेटचा नियम जरा बदललाय. उभ्याने ओढायची नाही. मग दिवसाला सहावर येतं, कारण लाँड्रीच्या मागे बसायला एकच पायरी आहे आणि तिथे कुणी ना कुणी असतंच.
बायको म्हणाली, रोज फोन करू नका, मुलांची खेळायची वेळ असते. आणि मुंगीचं काय आहे ते तिलाच सरळ विचारा ना. म्हटलं, कसं विचारू? शब्द दिलाय. पोरीची तपश्चर्या मोडेल. बायको काहीतरी बोलणार होती, मग म्हणाली, जेवलात का?
बायकांना धर्माचा गाभा कळत नाही.

२२ मार्च, रविवार
आता चर्चमध्ये मूर्तींवर जांभळी कापडं घालतात. धड्यासाठी झकास आयडिया काढली. लाँड्रीतला एक जांभळा टेबलक्लॉथ आणला (उद्या परत ठेवणार) आणि कॅमेऱ्यावर धरला. म्हटलं, बघ ढोल्या, दिसत नाही म्हणून काय झालं, आत पप्पा आहेतच ना? ढोल्या ओरडला, ताई, पप्पा दिसत नाहीत! आणि मागून मुंगीचा आवाज आला. स्वतःचा आवाज! म्हणाली, बरं झालं.
एक महिन्याने तिचा आवाज ऐकला.
बरं झालं, म्हणजे मी दिसलो असतो तर तिचा निश्चय ढळला असता. केवढी समज!
काकांना सांगितलं. ते कॉलरवर इस्त्री फिरवत राहिले. म्हणाले, असेल बाबा.

२९ मार्च, झावळ्यांचा रविवार
सहाच दिवस राहिले. सिगरेट सोडण्यापेक्षा चिडचिड सोडणं जास्त मोठं, असं वाचल्यासारखं आठवतं. तेच धरलंय. सुपरवायझर वगळून.

३ एप्रिल, गुड फ्रायडे
कडक उपास. दुपारी तीनला येशूने प्राण सोडला, म्हणून तेव्हा रोलर बंद करा म्हटलं, दोन मिनिटं. सुपरवायझर म्हणाला, हॉस्पिटलमध्ये लोक आज झोपत नाहीत का? वाफेत चक्कर आली, चादर वाकडी गेली, रोलर आपोआप बंद पडला. दोन नाही, वीस मिनिटं. उपास फुकट जात नाही.
ईस्टरला माझी ड्युटी लागलीय. काकांशी अदलाबदल केली. त्याबदल्यात त्यांच्या पुढच्या चार रात्रपाळ्या मी करायच्या. काका म्हणाले, एवढं काय आहे त्या दिवशी? म्हटलं, पोरगी बोलणार आहे.

४ एप्रिल, शनिवार
तिच्याशी काय बोलायचं ते लिहून ठेवतो. शाळा कशी चाललीय? (हे ती तिसरीत का चौथीत ते बायकोकडून आधी काढून.) जेवतेस ना? उंची किती झाली? पुढचं उद्या सुचेल. पहिल्यांदा तीच इतकं बोलेल की मला जागा मिळणार नाही.

५ एप्रिल, ईस्टर
सकाळी दहाला फोन लावला. मुंगी आली. म्हणजे बायकोने खांद्याला धरून आणली. नवा फ्रॉक. दोन दात नवे. मी म्हटलं, संपले दिवस! आता सांग, काय सोडलं होतंस? मला ठाऊक आहे, तरी तुझ्या तोंडून सांग.
म्हणाली, सायकल.
म्हटलं, आणि?
म्हणाली, आणि काही नाही. एकच सोडायचं होतं ना?
मी विचारलं, मग फोनवर का येत नव्हतीस? तिने आईकडे बघितलं. आई खाली बघत होती. मुंगी म्हणाली, मला तुमच्याशी काय बोलायचं ते कळत नाही.
मग म्हणाली, जाऊ? बाहेर सगळ्या मैत्रिणी थांबल्यात.
म्हटलं, जा.
फोन टेबलावर कशाला तरी टेकवून गेली. भिंत दिसत होती. बायको म्हणाली, ठेवते. मी म्हटलं, राहू दे थोडा वेळ. बाहेर सायकलची घंटी वाजत होती, आधी दाराशी, मग रस्त्यावर.
तिच्याकडे सायकल आहे हे माहीत नव्हतं. कुणी शिकवली, ते विचारायचं राहिलं.