‘दे’ म्हणजे कोण

पप्पा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली तरी माझा राग गेलेला नाही, आणि तो गेला असं खोटं या वयात मी लिहिणार नाही. आज सकाळी नात इंग्रजीचा अभ्यास घेऊन आली होती. तिला सर्वनामं अडतात. मी मराठीत समजावत होते, ती हिब्रूत उत्तरं देत होती, आणि ‘दे’ या शब्दापाशी आल्यावर माझा आवाज एवढा चढला की पोरगी पुस्तक मिटून घरी निघून गेली. म्हणून तुम्हाला लिहायला बसले.

मुंबईत तुम्ही शाळेत इंग्रजीचे मास्तर होतात. इथे इस्रायलमध्ये अश्केलोनला आल्यावर संत्र्यांच्या पॅकिंग हाऊसमध्ये खोके ठोकायला लागलात. हिब्रूने तुम्हाला फार छळलं. तिच्यात ‘तू’सुद्धा पुरुषाला वेगळा आणि बाईला वेगळा. एकदा तुम्ही मुकादमाला ‘अता’ऐवजी ‘अत’ म्हणालात, म्हणजे बाईचा ‘तू’ लावलात. सगळी माणसं हसली, आणि पुढे कित्येक दिवस तिथली पोरं तुम्हालाच ‘अत’ म्हणून हाका मारत होती. तुम्ही घरी चकार शब्द काढला नाहीत, शेजारणीकडून आईला कळलं. तेव्हापासून घराबाहेर जमेल तिथे तुम्ही इंग्रजीच बोलायचात, आणि कामावरून आलात की मला स्वयंपाकघरात समोर बसवायचात.

आई स्टोव्हवर माशाचं कालवण ढवळते आहे, मेणकापडावर तुमचा चहा निवतो आहे, आणि तुम्ही पेन्सिल आपटता आहात. इंग्रजीतलं ‘मी’ आपल्या ‘मी’सारखंच ऐकू येतं, म्हणून मी सारखी फसायची. ‘मी अँड मदर’ म्हटलं की तुम्ही भडकायचात. “ते ‘मला’ आहे, ‘मी’ नव्हे. आणि आईच्या आधी स्वतःला लावतेस? मदर अँड आय.” ‘वी’ शिकवताना तुम्ही म्हणाला होतात की इंग्रज इथे कमी पडला. समोरच्याला धरून बोलायचं तर आपल्याकडे ‘आपण’ आहे, वगळून बोलायचं तर ‘आम्ही’. त्याच्याकडे दोन्हींना एकच शब्द. ‘दे’च्या बाबतीत तर तुम्ही फारच कडक होतात. ते कोण हे आधी सांगितल्याशिवाय ‘दे’ म्हणायचं नाही. मी चुकले की तुमचा एकच प्रश्न यायचा, “दे म्हणजे कोण?”

मग त्रेसष्टचा उन्हाळा. माझं लग्न ठरलं होतं. मुलगा वायरमन, त्याचे आईवडील रुमानियातून आलेले. त्या काळात भारतातून आलेल्या आपल्या लोकांच्या लग्नाआधी इथले धर्मगुरू आईची, आजीची, त्याच्याही मागची चौकशी करत होते. आपण खरे ज्यू की नाही, हे ते ठरवणार होते. त्यासाठी आपण तिघं लग्नाच्या नोंदणी ऑफिसात गेलो. टेबलामागचा अधिकारी इंग्रजी बोलणारा निघाला, आणि तुमची पाठ ताठ झालेली मी पाहिली. इतक्या वर्षांनी कुणीतरी तुमच्याशी बरोबरीने बोलत होतं. तुमच्या घराण्याबद्दल विचारून झालं. मग त्याने आईच्या माणसांबद्दल विचारलं, आणि तुम्ही हसून म्हणालात, “दे आर सिंपल व्हिलेज पीपल, सर. दे डू नॉट नो मच. वी इन बॉम्बे वेअर मोअर केअरफुल.”

साधी खेड्यातली माणसं, त्यांना फारसं कळत नाही, आम्ही मुंबईतले मात्र धर्माच्या बाबतीत जपून असायचो. कोण ‘दे’, पप्पा? रेवदंड्याचे माझे आजोबा, ज्यांचा तेलाचा घाणा शब्बाथ म्हणून शनिवारी कधी फिरला नाही? की तिथे बाकावर पर्स मांडीवर धरून बसलेली तुमची बायको? तिला इंग्रजी येत नव्हतं. तिने माझ्याकडे वाकून हळूच विचारलं, “काय म्हणाले गं?”

“म्हणाले, आपण साधी माणसं आहोत.”

“खरंच आहे ते,” आई म्हणाली, आणि त्या अधिकाऱ्याकडे बघून तिने मान हलवली.

त्याला हवं होतं ते तुम्ही हातात दिलंत. आईच्या बाजूची नीट चौकशी होईपर्यंत लग्न लागणार नाही, असं तो म्हणाला. बस स्टॉपवर आई थोडी लांब सावलीत उभी होती तेव्हा मी तुम्हाला विचारलं.

“दे म्हणजे कोण?”

“हळू बोल.”

“आई त्यात धरायची की नाही?”

“तुझ्याच भल्यासाठी बोललो. साहेबाशी जरा वेगळं बोलावं लागतं.”

“तुमचीच बायको आहे ती.”

तुम्ही बस आली का बघायला पुढे गेलात. त्या दिवसापासून मी तुमच्यासमोर अभ्यासाला बसले नाही. तुम्ही पेन्सिल घेऊन बसायचात, मी कपडे वाळत घालायला निघून जायची.

लग्न वर्षभर रखडलं. मुलाची आई त्याला दुसऱ्या मुली दाखवत होती, तो माझ्यासाठी थांबला. पुढच्या उन्हाळ्यात आपले लोक या चौकशांविरुद्ध जेरुसलेमला रस्त्यावर जाऊन बसले. आईही तिथे गेली, माझी आई, जिने एकटीने कधी बस पकडली नव्हती. तुम्ही पॅकिंग हाऊसमधून सुट्टी मिळत नाही म्हणालात. संत्र्यांचा हंगाम तेव्हा केव्हाच संपला होता. ती परत आली ती उन्हाने करपून, घसा बसलेला. तुम्ही पाण्याचा तांब्या आणून दिलात. “हिब्रूत काय ओरडत होते ते मला कळलं नाही, पण मीही ओरडले,” एवढंच ती म्हणाली. तुम्ही मान खाली घातलीत. मला तुमची दया आली नाही. आजही येत नाही.

पुढे चौकशा थांबल्या, आमचं लग्न झालं. आई मरेपर्यंत त्या दिवसाचा विषय निघाला की सांगायची, आमच्या ह्यांनी साहेबापुढे सगळ्यांची बाजू मांडली. मी तिचं म्हणणं कधी खोडलं नाही. तुम्ही शेजारी बसून ऐकायचात आणि तुम्हीही खोडलं नाहीत. मला ते सगळ्यात जास्त झोंबायचं.

हे पाठवायला तुमचा पत्ता नाही, आणि असता तरी मी पाठवलं नसतं. एक मात्र कबूल करते. इतकी वर्षं रागाने स्वतःला जाळून घेतलं, पण टेबलामागच्या त्या माणसाचा चेहरा मला आठवत नाही. आईची चौकशी लावली त्याने, लग्न अडवलं त्याने. त्याच्यावर मी एक दिवसही चिडले नाही, पप्पा. सगळा राग तुमच्याच वाट्याला आला.