मागून आलेलं

बाळकुम, ठाणे
ता. ९ जानेवारी २०२५

चि. सौ. गंगू हिस दादाचे अ. उ. आ.

फोनवर तुला ऐकू येत नाही, म्हणून कागद घेतला. नातू संदेशने भुताचा सिनेमा काढलाय. पहिलाच, तोही मित्रांकडून वर्गणी काढून. भूत म्हणून त्याची बहीण, आपली रुचिता. तिच्या तोंडाला तांदळाचं पीठ आणि रक्त म्हणून तू पाठवलेलं कोकमाचं आगळ. गंगू, अख्खी बाटली गेली!

भुताची अशी थट्टा बरी नव्हे. म्हणून शूटिंग चाललं होतं तिथे, इमारतीमागच्या पडक्या पंपघरापाशी, मी तिन्हीसांजेला गुपचूप उतारा ठेवला. दहीभात, लिंबू, गुलाल. उतारा ठेवल्यावर मागे वळून बघायचं नसतं, हे तुला ठाऊकच आहे. पण "आजोबा, हटा!" म्हणून कुणीतरी ओरडलं आणि मी वळलो. कॅमेरा चालू होता. माझं तोंड सिनेमात आलं.

माझ्या मागून जे काही घरात आलं असेल, ते संदेशला बाधू नये एवढीच धास्ती आहे. तेवढा तुकडा काप म्हणून हात जोडले, तर म्हणतो कसा, आबा, सगळ्या सिनेमात भीती वाटते ती तेवढ्याचीच. तुमच्या गुरवाला उपाय विचार. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा दादा,
धोंडीबा

मोहने
ता. १६ जानेवारी

ती. दादास गंगूचा सा. न. वि. वि.

पत्र वाचून दाखवलं तर हे खोकला लागेपर्यंत हसले. बुजगावण्याला भिऊन शाळेची वाट बदलणारा तू, आणि नातू भुतं काढतो! पोर गुणी आहे रे, त्याच्या कामात मोडता घालू नकोस.

गुरवाला विचारलं. अमावास्येला नारळ घेऊन येतो आणि आलेलं परत पाठवतो म्हणाला. पण त्या दिवसापासून घरात काय काय विपरीत घडलं, ते त्याला आधी कळायला हवं. सविस्तर लिही. आगळ पुन्हा पाठवते, ते कढीतच पडू दे. थट्टा केली म्हणून रुसू नकोस.

तुझी,
गंगू

बाळकुम
ता. २५ जानेवारी

चि. सौ. गंगूस अ. उ. आ.

विपरीत काय घडलं ते आठवत बसलो. रविवारी नौपाड्यात एका हॉलमध्ये सिनेमा दाखवला. रुचिता आली तेव्हा लोक हसत होते, भुताच्या पायातल्या चपला दिसत होत्या. मग मी वळलो, आणि पुढच्या रांगेतल्या एक बाई किंचाळून उभ्याच राहिल्या. त्यांच्या यजमानांनी तिथल्या तिथे संदेशला दुसरा सिनेमा करायला सांगितलं, खर्च त्यांचा. त्यातही मी आहे. दोन वर्षं लेकाशी धड न बोलणारा त्याचा बाप पेढे वाटत फिरला. इमारतीतली पोरं मला बघून जिना बदलतात, त्यामुळे दुपारची झोपही शांत लागते.

तेव्हा गुरवाला म्हणावं, इतक्यात येऊ नको. भीती आहेच गं, रात्री दिवा लावून झोपतो. पण जे कोण आलंय ते पोराला लाभलंय. दुसरा सिनेमा पुरा होईस्तोवर राहू दे. फक्त त्या आलेल्याला आमचं शाकाहारी चालेल की मासळी लागते, तेवढं गुरवाला विचारून लगेच कळव. सर्वांना आशीर्वाद, आणि तुझा जीव आमच्यावर असाच राहो.

तुझा दादा