बटाट्याच्या बंदुकीची झडप

सोलापूर,
ता. २२ जानेवारी १९३४

सौ. महानंदा हिस,
सिद्धप्पाचे अनेक आशीर्वाद. इकडे सर्व ठीक. मामांना व सासूबाईंना माझे शरणार्थ सांग. बैलगाडीवरून पडल्यापासून मामांचा खांदा दुखतो, त्याला आता उतार असेल.

गड्ड्याच्या जत्रेची गर्दी ओसरली. शेजारच्या शिवबाई रोज विचारतात, "सारं जग गड्ड्याला सोलापुरात येतं, आन तुमची बायको दुधनीला कशी गेली?" मी सांगतो, संक्रांतीला माहेरी गेली. त्या मान हलवतात आणि वाटीभर आमटी ठेवून जातात. भाकरी मीच थापतो. पहिल्या दोन परातीतच मोडतात, तिसरी तव्यापर्यंत पोचते.

पत्राचं कारण बंदूक. तिच्यात काही सुधारणा मनात आहेत, त्या तुला कळवाव्यात असं वाटलं. तुझ्या जुन्या स्टोव्हची पितळी टाकी, तिच्यात सायकलच्या पंपानं हवा भरायची, पुढं हातभर लोखंडी नळी आणि नळीच्या तोंडात दाबून बसवलेला बटाटा, इतकं ठीकच आहे. पण नळी आणखी हातभर वाढवली तर बटाटा दुप्पट लांब जाईल असा माझा अंदाज. खाली बाभळीची तिवई करतो, म्हणजे धरणाऱ्याच्या खांद्याला त्रास नको. साहेबांना विचारून गिरणीच्या भंगारातला वाफेचा दाब दाखवणारा काटा आणलाय. तो बसवला की हवा किती भरली ते दिसेल. मामांना गोफण फिरवता येत नाही आणि पाखरं ज्वारी संपवतात, म्हणून तर आपण हे सुरू केलं. हुरडा निघण्याआधी बंदूक मळ्यावर पोचली पाहिजे.

झडपही नवी करतोय. जुनी सापडली नाही. तू गेलीस त्या दिवशी टाकीचे चारही स्क्रू सोडवलेले होते आणि पाना पुसून जागेवर ठेवलेला होता. आपल्या घरात पाना पुसून ठेवणारं माणूस एकच आहे.

रबराची करून पाहिली, ती हवा धरत नाही. पितळेची केली, ती अडकते. तिसरी कातड्याची, अगदी तुझ्या झडपेसारखीच केली. शनिवारी गिरणी सुटल्यावर माझ्या खात्यातला महिपती परत त्याच पाच-सहा जणांना घेऊन बंदूक पाहायला आला. मी पंप मारून मारून घामाघूम झालो, दोरी ओढली, आणि बटाटा फुस्स करून माझ्याच पायावर पडला.

महिपती म्हणाला, "आरं, त्या दिशी तर लिंबावरनं पल्याडच्या पत्र्यावर गेला हुता की. आता काय झालं?"

मी म्हणालो, "झडप तिची होती. ती घेऊन गेली."

"तिची म्हंजे?"

मग सगळं सांगितलं. मी आधी नळाची तोटी बसवली होती, ती फिरवेपर्यंत हवा हळूहळू निघून जायची. पंपाच्या तोंडावर अंगठा धरून तो एकदम काढला की कसा ठप्प आवाज होतो, हे तू मला दाखवलंस. हवा एकदम सुटली पाहिजे, हे तू म्हणालीस. कातडं तू शिवलंस, कडी आणि दोरीही तुझीच. आणि पहिल्यांदा बंदूक उडाली त्या दिवशी या मंडळींसमोर तू तोंड उघडलंस तेव्हा मी म्हणालो, चूल बघ, यंत्रातलं बायकांना काय कळतं, आणि सगळ्यांबरोबर हसलो.

महिपती म्हणाला, "मग त्या दिशी आमी हसलो ते कुणाला?"

महानंदा, माझं चुकलं. हे चार ओळींत लिहिता आलं असतं, पण ते लिहायला बसलो की हात तिवईकडे वळत होता.

तुझा,
सिद्धप्पा


दुधनी,
ता. २७ जानेवारी १९३४

सप्रेम शरणार्थ.

पत्र पोचलं. माझ्या अप्पांनी ओट्यावर बसून मोठ्यानं वाचलं, त्यामुळे मोडक्या भाकरी आता गावभर झाल्या आहेत.

झडप मी मुद्दाम आणली. विहिरीत टाकायचं मनात होतं. पण इथं येऊन पाहिलं तर अप्पा डाव्या हातानं गोफण फिरवत होते आणि धोंडे त्यांच्याच बैलाला लागत होते. मग वाण्याकडची गळकी गॅसबत्ती मागितली. लोहारानं तिची टाकी सांधून दिली, नळीही त्यानंच बसवली. तीन दिवसांत बंदूक उभी राहिली.

आता आईच, माझी अव्वा, ती सोडते. पदर खोचून ज्वारीतल्या राखणीच्या माळ्यावर चढते, मी पंप मारते, ती दोरी ओढते. पहिल्यांदा आवाज झाला तेव्हा पाखरांबरोबर अव्वाही दचकली आणि माळ्यावरच बसून हसली. ती इतकी हसलेली मला आठवत नाही. आता शेजारच्या रानातलं पाखरूसुद्धा तिलाच उठवायचं असतं. बटाटे संपले, रताळी चालतात.

तुमच्या सुधारणांबद्दल. नळी लांब करू नका. इथं करून पाहिली, हवा पुरत नाही आणि रताळं मधेच अडकतं. काटा जरूर आणा, त्याची मला फार गरज आहे. तिवई चांगली, पण अव्वाच्या उंचीची हवी. तुमचं कातडं कोरडं असणार. करडईच्या तेलात दोन दिवस बुडवून ठेवा, मग शिवा. शिवताना टाके बाहेरच्या अंगाला.

लोक हसले याचं मला काही नाही. माणसं हसतात. तुम्हाला खरं माहीत होतं आणि तरी तुम्ही त्यांच्यात हसलात, ते घेऊन मी गाडीत बसले होते. दुधनी येईपर्यंत खिडकीकडे तोंड करून होते.

तुम्ही महिपतीभावजींना सांगितलंत, ते वाचून बरं वाटलं. पण मी तिथं नव्हते. चार तारखेच्या रविवारी दुपारच्या गाडीनं येते. त्यानंतरच्या आठवड्यात काटा आणि तिवई घेऊन आपण दोघं परत इथं येऊ, अव्वा वाट पाहील. पण रविवारी स्टेशनवर भावजींनाही घेऊन या, आणि मी उतरल्यावर तेच त्यांना माझ्यासमोर एकदा सांगा. मला ऐकायचं आहे. मग घरी जाऊन मी भाकऱ्या करते, तुम्ही पीठ मळा.

पत्राखाली 'आपली दासी' लिहायचं, असं शाळेत बाईंनी शिकवलं होतं आणि आजवर तसंच लिहीत आले. आज लिहीत नाही. राग म्हणून नव्हे.

तुमची,
महानंदा